तुटपुंज्या पगारात मधेच येणारा खर्च कसा निभवायचा: जळगाव, भुसावळ, धुळ्यात नवीन राहायला आलेल्यांसाठी

हे लिहितोय ते चोपडा, यावल, पारोळा, साक्री, शहादा अशा तालुक्यांतून पहिल्यांदा रूम करून राहायला आलेल्या पोरापोरींसाठी. कुणी एमआयडीसीत लागलंय, कुणी दुकानात बिलिंगला बसतं, कुणी कॉलेज करून संध्याकाळी पार्टटाइम करतं. पगार दहा-बारा हजार आणि त्यातले काही घरी पाठवायचे. भाडं, मेस, पेट्रोल हे जमून जातं कारण त्याचा आकडा ठरलेला असतो. महिना मोडतो तो तीनशे, पाचशे, आठशेच्या खर्चांनी. गाडी पंक्चर झाली, टायर बघितला तर तोच गेलेला, चार्जर जळाला, ताप आला, मित्राच्या बहिणीचं लग्न निघालं, आणि वीस तारखेला खात्यात एकशे चाळीस रुपये. मग "व्हई जाई, देखी लेसूत" म्हणत कुणाकडून तरी हजार उचलायचे, आणि पुढचा महिना हजाराने लहान सुरू होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की असले बरेचसे खर्च दरवर्षी साधारण त्याच महिन्यात येतात, त्यामुळे त्यांची तयारी करता येते, बारा हजारातसुद्धा करता येते. जे खरंच सांगून येत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी सोय लागते, तीही सांगतो.

पहिलं काम: मागचे तीन महिने उघडा

फोनमध्ये फोनपे किंवा गुगलपेची हिस्ट्री असतेच. एका रविवारी बसा, वही घ्या, आणि मागच्या तीन महिन्यांतले फक्त ते खर्च लिहा जे तुमच्या महिन्याच्या हिशोबात नव्हते. चहा-वडापाव सोडा, तो वेगळा विषय आहे. गाडी, फोन, दवाखाना, गावाला जाणं, देणंघेणं, कागदपत्रं, घरातली वस्तू बिघडणं, असे गट पडतात. बेरीज करा, तीनने भागा. जो आकडा येईल तो तुमचा महिन्याचा वरखर्च, आणि भाड्यासारखाच तो धरायचा. बहुतेकांना हा आकडा बघून धक्का बसतो कारण सुटासुटा तो कधी दिसलेलाच नसतो.

नुकतेच आला असाल आणि हिस्ट्रीच नसेल तर सुरुवातीला पगाराच्या पाच-सहा टक्के धरा. समजा पगार १२,००० आहे, रूमचा तुमचा वाटा २,५००, मेस ३,०००, घरी ३,०००, पेट्रोल १,२००, लाइट ४५०, रिचार्ज ३५०. झाले १०,५००. राहिले दीड हजार. त्यातले ७०० वरखर्चाला बाजूला, पगार झाला त्याच दिवशी, शेवटी उरले तर टाकू असं नाही. शेवटी काही उरत नसतं.

दुसरं काम: आपल्याकडचं वर्ष समजून घ्या

पुण्या-मुंबईचे लोक जे बजेट शिकवतात त्यात आपले महिने नसतात. खान्देशात खर्चाचं वर्ष उन्हाळ्याच्या आधी सुरू होतं, आणि ज्याला हे कळलं त्याचे बरेच पैसे वाचतात.

फेब्रुवारी संपता संपता कूलर बाहेर काढा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या घरात जातो, भुसावळचं ऊन तर सगळ्या महाराष्ट्राला माहितीये, म्हणजे पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या रूममध्ये कूलर ही हौस नाही. आधी चालवून बघा, पाण्याची मोटर पाणी चढवते का, गवत कुजलंय का, पंख्याचा आवाज येतो का. हीच दुरुस्ती एप्रिलच्या मध्यात करायला गेलात तर कारागीर भेटत नाही, भेटला तर आज नाही उद्या म्हणतो आणि भावही त्याचाच. कूलर आणि पंखा दिवसरात्र चालला की लाइट बिल वाढणारच. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो, त्याच्या वरच्या युनिटला जास्त लागतो, म्हणून तीन-चार जणांत एक मीटर असेल तर मार्च ते जून प्रत्येकाने शंभर-दीडशे जादा धरून ठेवायचे. मालकाने सबमीटर लावून स्वतःचा युनिटचा दर ठरवला असेल तर तो दर रूम घेतानाच विचारा, मे महिन्यात भांडून उपयोग नाही.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, घरात पुरणपोळी, आमरस, झोके, आणि ज्या घरी बहीण नांदायला गेलीये तिथे तिला आणायला जाणं, तिला साडी, भाच्यांना काहीतरी. नोकरीला लागलेल्या भावाकडून अपेक्षा असते आणि ती असावीच, मला त्यात काही चूक वाटत नाही. फक्त ही तारीख कॅलेंडरवर असते, आखाजी कधी आहे हे जानेवारीत कळतं. चार महिने दोनशे-दोनशे टाकले तर आठशे होतात आणि बहिणीसमोर मान खाली घालावी लागत नाही.

त्याच्याच मागेपुढे लग्नसराई. इथे मी जरा थांबतो कारण नवीन नोकरीवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. गावाकडे प्रत्येक घरात आहेराची वही असते, कुणी किती दिलं ते लिहिलेलं असतं, आणि आई-वडिलांनी घरातर्फे आहेर केला की तो तुमचाही झाला. वेगळा द्यायची गरज जवळच्या दोन-तीन लग्नांतच असते. कंपनीतल्या आणि मित्रांच्या लग्नांसाठी चार-पाच जणांनी मिळून एक वस्तू द्या, प्रत्येकी दीडशे-दोनशेत चांगला मिक्सर नसला तरी चांगली भेट होते. आणि पत्रिका आली म्हणजे हळदीला, लग्नाला आणि दुसऱ्या दिवशी पूजेला तिन्ही वेळा जायलाच पाहिजे असं नाही, एका दिवशी जा पण मनापासून जा, वाढायला उभे राहा, लोक तेच लक्षात ठेवतात.

जूनमध्ये लहान भावंडांच्या वह्या-पुस्तकं, अ‍ॅडमिशन, दाखले. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: जात, उत्पन्न, रहिवासी, नॉन क्रिमिलेअर अशा दाखल्यांसाठी जे प्रतिज्ञापत्र लागतं त्याचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क माफ आहे, २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने तसं जाहीर केलं. साध्या कागदावर अर्ज चालतो. कुणी पाचशेचा स्टॅम्प आणा म्हटलं तर तहसीलमध्ये विचारून मगच पैसे खर्च करा.

श्रावणात नागपंचमीनंतर कानबाईचा सण. सुरत, नाशिक, पुण्याहून सगळे भाऊबंद गावी येतात, रोटांचा कार्यक्रम असतो, वर्गणी असते, गाडीभाडं असतं. मग पोळा, गणपती, दिवाळी. हे सगळे महिने वहीत एका पानावर लिहा, समोर अंदाजे आकडा टाका. पान भिंतीला चिकटवलं तर अजून चांगलं.

एक खर्च मात्र कॅलेंडरवर येत नाही, मयत. फोन येतो आणि निघावं लागतं, नंतर दारावर जावं लागतं, दहाव्याला जावं लागतं. त्यात पैशाचा विचार करू नये असं मला वाटतं, आणि तो करावा लागू नये म्हणूनच वरखर्चाच्या पैशात गावापर्यंत जाण्यायेण्याचं भाडं कायम शिल्लक ठेवा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध तिकीट आहे, ७५ च्या वरच्या आजी-आजोबांना तर पूर्ण मोफत आहे, तेव्हा घरच्यांना घेऊन जायचं असेल तर जीप ठरवण्याआधी एसटीचं टायमिंग बघा.

तिसरं काम: पैसे ठेवायचे कुठे

पगाराच्या खात्यात ठेवले तर खर्च होतात. सगळे कॅश ठेवले तरी होतात. मला बरं वाटतं ते असं: पाचशे रुपये रूमवर, सुट्ट्या नोटांत, रात्री-बेरात्री लागतील म्हणून. बाकीचे दुसऱ्या खात्यात, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. त्यासाठी झिरो बॅलन्सचं जनधन किंवा बेसिक बचत खातं चालतं, पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांवर उघडतं. पोस्टात जाऊन पैसे काढावे लागतात हा त्रास वाटतो, पण त्या त्रासानेच ते टिकतात.

वरखर्चाचे पैसे साठून दोन-तीन हजार झाले की पोस्टाची आरडी सुरू करा, महिन्याला १०० रुपयांपासून होते. पाच वर्षांची असते, पण बारा हप्ते भरून झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज म्हणून उचलता येतात, त्यामुळे मोठी अडचण आली तर तेही आहेत.

पतसंस्थेबद्दल स्पष्ट लिहितो. पिग्मीवाला रोज दुकानावर येतो, वीस-पन्नास घेऊन जातो, सवय लागते, हे चांगलं आहे. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो. आपल्याकडे पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं चकरा मारत राहिली, हे प्रत्येक गावात कुणी ना कुणी सांगेल. पिग्मी करायची तर छोटी करा आणि जमले की काढून बँकेत टाका. भिशीचंही तसंच, ओळखीच्या आठ-दहा जणांची असेल आणि सगळ्यांना सगळे ओळखत असतील तरच, आणि वरखर्चाचा पैसा तिच्यात टाकू नका कारण नंबर लागेपर्यंत तो हातात येत नाही.

खात्यातून परस्पर जाणारे पैसे पण बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० आणि जीवन ज्योतीचे ४३६ मे महिन्याच्या शेवटी आपोआप कटतात, फॉर्म भरलेला असेल तर. विमा चांगलाच आहे, चालू ठेवा, फक्त तेव्हा खात्यात तेवढे असू द्या. मोबाईलचा ईएमआय असेल तर तो बाउन्स झाला की बँक वेगळा दंड लावते आणि फायनान्सवाला वेगळा. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्या शहरांत महिन्याला पाच वेळाच फुकट, बॅलन्स बघितला तरी एक मोजला जातो.

चौथं काम: खर्च आला की लगेच पैसे देऊ नका

एक रात्र जाऊ द्या, जिथे जाऊ देता येते तिथे. फोनची स्क्रीन फुटली पण चालतोय, तर आज रात्रीच नवीन टाकायची गरज नाही. जळगावात गोलाणी मार्केटला एकाच इमारतीत एवढी मोबाईलची दुकानं आहेत, तीन ठिकाणी भाव विचारा, कंपनीची आणि साधी स्क्रीन दोन्हीचे विचारा, वॉरंटी किती दिवस ते बिलावर लिहून घ्या. तोंडी वॉरंटीला काही अर्थ नसतो.

गाडीचं उलटं आहे, तिथे थांबलात की खर्च वाढतो. ब्रेक घासतोय, चेन सुटतेय, हे लांबवलं की शंभराचं काम हजारावर जातं. आणि विमा संपू देऊ नका. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी, आणि विम्याशिवाय पहिल्यांदा पकडलं तर दंड २,०००. याचा हिशोब करायचीसुद्धा गरज नाही. विमा संपायची तारीख आणि पीयूसीची तारीख त्याच भिंतीवरच्या पानावर लिहा.

दवाखान्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे नाहीत म्हणून अंगावर काढणारी मुलं मी बघितलीत आणि ते बघून जीव तुटतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे तपासणी, औषध, उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबारची मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याखाली येतात, तिथे थोडी फी लागते पण बाहेरच्या मानाने काहीच नाही. ओपीडीला सकाळी लवकर जा, आधार न्या, आणि सुट्टीच्या दिवशी इमर्जन्सी चालू असते हे लक्षात ठेवा. अ‍ॅम्ब्युलन्सला १०८, पैसे लागत नाहीत. प्रायव्हेटमध्ये जावं लागलं तर डॉक्टरांना सरळ सांगा, "सर, बजेट कमी आहे, जेनेरिक लिहून द्या", कुणी रागवत नाही, आणि चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आई-वडिलांसाठी घेत असाल तर तिथून घेतल्यावर दर महिन्याला फरक दिसतो. तीन दिवसांच्या वर ताप, श्वास लागणं, उलट्या थांबत नाहीत, असं असेल तर वरचं "एक रात्र जाऊ द्या" विसरा आणि लगेच निघा.

मेसमध्ये खाडा मिळतो का हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. गावी जाताना एक-दोन दिवस आधी सांगितलं तर बऱ्याच मावशी तेवढे दिवस धरत नाहीत. गॅस ऐन वेळी संपला आणि कनेक्शन नाही, तर पाच किलोचा छोटा सिलेंडर एजन्सीत ओळखपत्रावर मिळतो, काळ्या बाजारातून भरून आणू नका, तो महाग पडतो आणि धोक्याचा आहे.

पाचवं काम: तरी कमी पडले तर कुणाकडे जायचं

आधी मुदत मागा. मालकाला, मेसवाल्या मावशींना, दुकानदाराला. तारीख उलटल्यावर तोंड चुकवण्यापेक्षा तारखेच्या आधी जाऊन "काका, या महिन्यात दवाखाना निघाला, निम्मं आज देतो, निम्मं सात तारखेला" असं म्हटलेलं लोक ऐकतात, आणि सात म्हटलं की सहाला द्या. पुढच्या वेळेला तुमच्या शब्दाला किंमत राहते.

मग कामावरची उचल. शेटकडे उचल मागायला लाज वाटते पण तिला व्याज नसतं. फक्त ती पुढच्या पगारातून एकदम न कापता दोन महिन्यांत कापा असं आधीच बोलून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात परत उचल, आणि वर्षभर पगार असा हातात येतच नाही. घरी आई किंवा वहिनी बचत गटात असेल तर गटातून कर्ज मिळतं, व्याज गटाकडेच राहतं आणि गटाच्या सगळ्यांचंच होतं. मित्राकडून घेतले तर रक्कम आणि परत द्यायची तारीख व्हॉट्सअपवर लिहून पाठवा, स्वतःहून. मैत्री टिकते.

खाजगी सावकाराकडे जाऊ नका. "शेकडा पाच" ऐकायला लहान वाटतं, पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला साठ टक्के. ५,००० घेतले तर महिन्याला अडीचशे नुसतं व्याज, दहा महिन्यांत अडीच हजार गेले आणि मुद्दल पाच हजार तिथेच. राज्यात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे, कोरा चेक, गाडीचं पुस्तक, शेताचा उतारा ठेवून घेतला असेल तर जिल्हा उपनिबंधकांच्या ऑफिसात तक्रार होते. कुणी अडकलं असेल तर घरी सांगा आधी, लपवू नका.

फोनवरची झटपट लोनची अ‍ॅप्स त्याहून वाईट. पाच हजार दाखवतात, फी कापून साडेतीन हातात देतात आणि सात दिवसांत पाच मागतात, आणि नाही दिले तर तुमच्या फोनमधल्या नंबरांवर, बहिणीला, मामाला घाण मेसेज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट आणि गॅलरी बघायची परवानगी नाही, आणि व्याज, फी सगळं आधी एका कागदावर द्यावं लागतं. ज्या अ‍ॅपने कॉन्टॅक्टची परवानगी मागितली ते तिथेच बंद करा. धमक्या सुरू झाल्या असतील तर स्क्रीनशॉट ठेवा, आणखी एक रुपया भरू नका, १९३० ला फोन करा आणि जवळच्या पोलीस स्टेशनला जा. बदनामीच्या भीतीने एका अ‍ॅपचं फेडायला दुसऱ्यातून घेणं, हे मात्र कुणीही करू नका. ज्यांच्यावर वेळ आलीये त्यांनी एका तरी माणसाला सांगा, चूक त्या वसुलीवाल्यांची आहे, तुमची नाही.

रोजंदारीवाल्यांसाठी थोडं वेगळं

दालमिलमध्ये, केळीच्या गाडीवर, बांधकामावर जे रोजाने जातात त्यांना महिन्याचं गणित लागू पडत नाही. तुमचं आठवड्याचं धरा. पगार ज्या दिवशी वाटतात त्या दिवशी बाजाराला जायच्या आधी एका रोजाचा पाव भाग बाजूला काढून डब्यात टाकायचा. समजा रोज ५०० आहे तर सव्वाशे. ज्या आठवड्यात तीनच दिवस काम मिळालं त्या आठवड्यात पन्नास टाका, पण टाका. पावसाळ्यात काम कमी होतं, म्हणून मार्च ते मे, काम चांगलं असतं तेव्हा, दुप्पट टाकायचा प्रयत्न करा. आणि डब्यातून पैसे काढले की भिंतीवरच्या पानावर तारीख, किती आणि कशाला एवढं लिहा, म्हणजे पुढच्या पगाराला किती भरायचे ते घरातल्या कुणालाही वाचता येतं.